जिन्याजवळची खोली

(दृश्य : पहाटेचा व्हरांडा. बंद दारं, दाराबाहेर चपला.)

पहाटेचे पावणेसहा. वसतिगृहाच्या पहिल्या मजल्यावर अजून सामसूम आहे. तिसऱ्या दाराबाहेर चपलांचे चार जोड दिसतात. खोली दोघांची. उरलेले दोन जोड शेजारच्यांचे. रात्री गणितं सोडवायला आले आणि तिथंच आडवे झाले.

कॉलेजच्या आवारात राहून काय मिळतं, असं विचारलं की पहिलं उत्तर येतं, वेळ वाचतो. खरंच वाचतो. जायला एक तास, यायला एक तास धरला, तर सहा दिवसांत बारा तास झाले. पण आम्ही कॅमेरा लावून बसलो तो या चपलांसाठी.

(दृश्य : जिना. बादल्या, वह्या घेऊन चढणारी-उतरणारी मुलं.)

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठानं विवाहित विद्यार्थ्यांसाठी घरं उभारली. घर रिकामं होईल तसं यादीतल्या पुढच्याला मिळायचं. शेजार निवडायची सोय नव्हती. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या संशोधकांनी तिथं घरोघरी विचारलं, तुमचं येणंजाणं सर्वांत जास्त कुणाकडे? १९५० साली निष्कर्ष छापून आले. एकाच मजल्यावर दाराला दार लागून असेल, तर मैत्रीचं प्रमाण ४१ टक्के. एक दार सोडून राहणाऱ्यांत २२. मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत अवघं १०. आणि जिन्याच्या पायथ्याशी ज्यांची घरं होती, त्यांच्या वरच्या मजल्यावरही ओळखी झाल्या, कारण वरची माणसं त्यांच्याच दारावरून जायची.

(दृश्य : फरशीवर उघडी वही. दोन हात, एक पेन्सिल.)

हा पहिल्या वर्षाचा. सकाळी वर्गात त्याला हे गणित कळलं नव्हतं, पण हात वर करायचा धीर झाला नाही. रात्री दहा वाजता, दात घासून परतणाऱ्या सीनियरला त्यानं दारातच गाठलं. सीनियरच्या खांद्यावर अजून टॉवेल आहे. तो तसाच खाली बसलाय. एक पायरी खोडतो, पुन्हा लिहितो, वही परत त्याच्याकडे सरकवतो. असं विचारायला वेळ ठरवून घ्यावी लागत नाही. त्यासाठी एकाच छताखाली राहावं लागतं.

पहिलं वर्ष वसतिगृहात काढणारे शिक्षण अर्धवट सोडण्याची शक्यता कमी असते, हे अमेरिकन शिक्षण-संशोधक अलेक्झांडर ॲस्टिन यांच्या अभ्यासातून १९७५ सालीच पुढे आलं. तरीही खोल्या कमी पडल्या, की बाहेर राहायची वेळ बऱ्याचदा नव्यांवरच येते. आमचं मागणं एवढंच, की आवारातली खोली आधी पहिल्या वर्षाला मिळावी.

(दृश्य : रात्र. जिना, खालचं अर्धवट उघडं दार.)

साडेअकरा. जिन्याजवळच्या खोलीत दिवा आहे. वरून कुणीतरी उतरतंय, हातात वही. दारापाशी पावलं थांबतात.