खाडाखोडीपाशी थांबणं

ध्यान, सर्जन आणि धीर हा आजचा विषय. त्याकडे येतोच, पण आधी एका वाक्याबद्दल बोलू द्या, कारण ते मला बरीच वर्षं छळतंय. 'मन निर्विचार करा.' नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी हे सांगतात. तो डोळे मिटतो आणि दुसऱ्याच श्वासाला त्याला आठवतं, गॅस बंद केला होता का? (हसताय, पण निम्म्या सभागृहाला आत्ता तीच शंका आली असणार.) आठवडाभर असंच चालतं आणि मग 'आपल्याला नाही बुवा जमत' म्हणून तो कायमचा उठतो. जमत होतं हो! आपण वाहवलो हे लक्षात येणं आणि लक्ष परत श्वासावर आणणं, एवढंच तर करायचं असतं. मन दहा वेळा भटकलं आणि दहा वेळा परत आणलं, तर दहा वेळा सराव झाला. धीर शिकायला आलेल्या माणसालाच आपण अधीर करून घरी पाठवतो, याचा मला खरोखर राग येतो. आता तर मोबाइल ध्यानाचे सलग दिवस मोजतो, एक दिवस चुकला की आकडा शून्यावर. योगसूत्रांत पतंजलींनी अभ्यासाला, म्हणजे सरावाला, अटी घातल्या त्या तीन. तो दीर्घकाळ हवा, अखंड हवा आणि आदरानं केलेला हवा. पहिल्या दोन आपण मोजायला लागलो, तिसरी विसरलो.

आता रवींद्रनाथ. त्यांच्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही. ओळ बिघडली की आपण फराटा मारतो, फार तर कागद चुरगळतो. रवींद्रनाथ खोडलेल्या शब्दावर पेन फिरवत राहायचे. इथला एक खोडलेला शब्द, खालच्या ओळीतला दुसरा, मधे जोडणारी वळणदार रेघ. शाई दाट होत जायची आणि तिच्यातून कुठे चोच निघायची, कुठे एखादा अनोळखी प्राणी पानभर पसरायचा. 1924 मध्ये ते अर्जेंटिनात मुक्कामाला होते, तेव्हा तिथल्या लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पोंनी ही वही पाहिली आणि त्या हरखून गेल्या. पुढे 1930 साली त्यांच्याच खटपटीनं पॅरिसमध्ये रवींद्रनाथांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं. वय 69! सुरुवात कुठून, तर चुकलेल्या ओळीपासून.

पाच मिनिटांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्दा भरभर सांगतो. ध्यानात काय किंवा सर्जनात काय, मनासारखं होत नाही असा क्षण येतोच. तिथून उठून न जाणं हाच धीर, आणि तो तिथेच वाढतो. आधी शांत होऊ, मग काम करू, असा क्रम नाही. इंग्लिश विचारवंत ग्रॅहम वॉलस यांनी 1926 मध्ये सर्जनाचे चार टप्पे मांडले, तयारी, मुरणं, उमगणं आणि पडताळणं. यातलं मुरणं, म्हणजे प्रश्न बाजूला ठेवून तो मनात आपोआप पिकू देणं, बाहेरून रिकामं दिसतं, म्हणून अधीर माणूस नेमकं तेच गाळतो. शरीराचंही ऐका. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात, म्हणून सोडणं सावकाश ठेवा.

दहा मिनिटं असं बसा आणि उठल्याउठल्या फोनला हात न लावता थोडा वेळ हाताचं काम करा. रेघा ओढा, माती मळा, एखादी चाल घोळवा. चित्र बिघडलं तरी नवा कागद घ्यायचा नाही, त्याच कागदावर पुढे जायचं. डोळे मिटल्यावर ज्यांना जास्तच घुसमटतं, जुन्या आठवणी उसळतात, त्यांनी हट्टानं बसू नये. डोळे उघडे ठेवून हाताच्या कामापासूनच सुरुवात करावी आणि जाणत्या माणसाशी बोलावं. याबद्दल कुणाला विचारायचं असेल, तर तो प्रश्न आधी घेऊ.