यादी कंपायलरलाच लिहू द्या

(दृश्य : अवलंबित्वाचा आलेख, हळूहळू जवळ येत)
पडद्यावरचं हे जाळं सी भाषेतल्या एका प्रकल्पाचं आहे. प्रत्येक ठिपका ही एक फाइल, आणि प्रत्येक बाण सांगतो, कोणाला कोण लागतं. मधोमध बाणांनी वेढलेली ही कॉन्फिग.एच, अनेक फाइली आपल्यात ओढून घेतात अशी सामाईक ‘हेडर’ फाइल. तिच्यात एक ओळ बदलताच बघा, केवढा भाग लाल झाला! लाल म्हणजे शिळं, पुन्हा कंपाइल करायचं, म्हणजे कंपायलरकडून यंत्राच्या भाषेत उतरवून घ्यायचं. यातला एकही बाण गळून चालत नाही. बिल्डवर, म्हणजे या फाइलींपासून प्रोग्राम बनवण्याच्या कामावर, विश्वास ठेवायचा तो याच आलेखाच्या भरवशावर.

(दृश्य : जुन्या टर्मिनलची छायाचित्रं)
१९७६, बेल लॅब्ज. स्टीव्ह जॉन्सन यांची सकाळ एक दोष शोधण्यात गेली. दोष खरं तर आधीच दुरुस्त झाला होता. फाइल तेवढी पुन्हा कंपाइल झाली नव्हती. हे ऐकून त्यांचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे बिल्डचं साधन लिहायला घेतलं. त्याचा नियम आजही तोच आहे : स्रोत फाइल ऑब्जेक्टपेक्षा, म्हणजे तिच्यापासून कंपाइल झालेल्या फाइलपेक्षा, नवी असेल, तर ऑब्जेक्ट पुन्हा बनवायचा. पण कुठल्या फाइलींच्या वेळा ताडून पाहायच्या, ती यादी मेकला कोणीतरी द्यावी लागते.

(दृश्य : मेकफाइल, कर्सर एका ओळीवर)
मेकला यादी देते ती ही मेकफाइल, आणि ही तिच्यातली हाताने लिहिलेली ओळ. आधी पार्सर.ओ हा ऑब्जेक्ट, पुढे त्याला लागणाऱ्या पार्सर.सी, टोकन.एच. आता टोकन.एचमध्ये कोणी नोड.एचचा इन्क्लूड, म्हणजे ती फाइल आत ओढून घेणारी ओळ, टाकला. मेकफाइलमधली ओळ होती तशीच राहिली. मग नोड.एचमधल्या स्ट्रक्चरमध्ये एक नवं फील्ड आलं. मेकला विचारलं, तर उत्तर येतं, सगळं अद्ययावत आहे. पार्सर.ओ मात्र अजून जुन्याच मांडणीने मेमरी वाचतोय, आणि ऑब्जेक्ट एकत्र जोडणारा लिंकर चकार शब्द काढत नाही. असा बायनरी, म्हणजे तयार प्रोग्राम, लोकांपर्यंत पोहोचतो, आणि टीमला दर वेळी ‘क्लीन’ मारून आधीचं सगळं पुसायची सवय लागते.

(दृश्य : कंपाइलची आज्ञा, शेजारी उमटणारी नवी फाइल)
कंपायलरने तर प्रत्येक हेडर स्वतः उघडलेली असते. मग यादी त्यानेच का लिहू नये? जीसीसी या कंपायलरला एमएमडी हा पर्याय दिला, की ऑब्जेक्टच्या शेजारी पार्सर.डी तयार होते. उघडून बघा. टोकन.एच आहे, आणि तिच्या आडून आलेली नोड.एचही आहे. पहिल्या बिल्डला ही यादी नसली तरी बिघडत नाही. ऑब्जेक्टच नाही म्हटल्यावर तो बनणारच. उद्या एखादी हेडर काढून टाकली, तर जुनी यादी तिचं नाव घेत राहते आणि मेक अडून बसतं. त्यासाठी एमपी हा पर्याय आहे. तो प्रत्येक हेडरसाठी एक रिकामा नियम लिहून ठेवतो.

निंजा हे दुसरं बिल्ड साधन हीच डी फाइल वाचून स्वतःच्या नोंदवहीत उतरवून घेतं. बाझेल हे आणखी एक साधन सँडबॉक्समध्ये, म्हणजे कामापुरत्या बंदिस्त जागेत, फक्त जाहीर केलेल्या फाइली ठेवतं; विसरलेली हेडर तिथे सापडतच नाही आणि बिल्ड तिथल्या तिथे पडतो. पडू द्यावा. बाण गळाल्याचं तेव्हाच कळतं.

बिल्डमध्येच जन्मणाऱ्या हेडरचा क्रम मात्र आपणच लिहायचा. समांतर बिल्डमध्ये ती तयार होण्याआधीच कोणी मागितली, तर कंपायलर तरी काय देणार?

(दृश्य : दोन डिरेक्टरी शेजारी शेजारी)
नोड.एच शोधताना कंपायलर आधी डावीकडे पाहतो. तिथे नाही, म्हणून उजवीकडची घेतो. डी फाइलमध्ये फक्त उजवीकडची नोंद होते. उद्या त्याच नावाची फाइल डावीकडे आली, तर खरं म्हणजे पार्सर.ओ शिळा झाला. पण नोंदलेल्या कुठल्याच फाइलची वेळ बदललेली नाही. ‘रीडू’ पद्धतीच्या बिल्ड साधनांत यासाठी वेगळी आज्ञा असते : अमुक फाइल आज नाही, ती आली तर पुन्हा बनव. नसलेल्या फाइलकडेही बाण काढता येतो तो असा.