डिस्कस: आईबापांच्या अंगावर वाढणारी पिल्लं

(दृश्य: गडद पाण्यात बुडालेल्या फांद्या)

ॲमेझॉनच्या खोऱ्यातली रिओ नेग्रो. पानांचा अर्क उतरून पाणी कोऱ्या चहासारखं झालेलं, आम्लधर्मी आणि अगदी मृदू. या खोऱ्यातल्या चपट्या, गोल डिस्कस माशाचं वर्णन योहान हेकेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४० मध्ये केलं.

(दृश्य: घरातली टाकी)

घरात डिस्कस पाळायचा तर आधी पाणी सांभाळावं लागतं. तापमान २८ ते ३० अंश, पीएच सातच्या खाली. बोअरच्या जड पाण्यात मासा तग धरतो, पण अंडी बऱ्याचदा फळत नाहीत. म्हणून त्यात आरओचं पाणी मिसळतात.

नर-मादी नुसतं बघून ओळखणं अवघड. पाच-सहा लहान मासे एकत्र वाढवले, की जोडी ते आपली आपणच जमवतात. मग दोघं एखादा कोपरा धरतात आणि इतरांना तिकडे फिरकू देत नाहीत.

(दृश्य: मातीचा शंकू, जवळून)

अंडी घालायला टाकीत ठेवलेला हा शंकू दोघंही तोंडाने घासूनपुसून घेतात. मादी खालून वर सरकत अंडी चिकटवते, मागोमाग नर ती फळवतो. नवखी जोडी पहिली काही अंडी खाऊनही टाकते. त्या धास्तीने बरेच जण अंडी काढून वेगळी वाढवतात. जोडीला वेळ द्यावा, असं मला मनापासून वाटतं. कारण खरी गंमत पुढे आहे.

अंडी साधारण अडीच दिवसांत फुटतात. पिल्लं तिथेच चिकटून वळवळत राहतात. एखादं सुटलं, तर आईबाप त्याला तोंडात धरून परत जागेवर ठेवतात. आणखी दोन-तीन दिवसांनी ती पोहू लागतात आणि थेट आईबापांच्या अंगाला जाऊन भिडतात.

(दृश्य: माशाच्या कुशीवर पिल्लांची झुंबड)

बघा, ती अंग टोचत नाहीयेत. कातडीवरचा चिकट स्राव खातायत. या दिवसांत आईबापांच्या अंगावर तो पोषक होतो, त्यात प्रथिनं असतात, रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यंही असतात. एक दमला की अंगाला झटका देतो आणि सगळी झुंबड दुसऱ्याकडे वळते. दूध न पाजणाऱ्या प्राण्याने पिल्लांना असं अंगावर वाढवावं, हे कितीही वेळा पाहिलं तरी मन भरत नाही.

पहिल्या आठवड्यानंतर ताजी फुटलेली आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, हळूहळू खायला सुरू करायची. दोन-तीन आठवड्यांत आईबाप स्वतःच पिल्लांपासून दूर पळू लागतात. पिल्लं वेगळ्या टाकीत हलवायची ती तेव्हा. तिथे स्पंज फिल्टर, थोडं थोडं खाणं आणि रोज पाणी बदलणं.