मागे गाणाऱ्या पोरी

नमस्कार मंडळी. आज सकाळपासून डोक्यात एकच शब्द घोळतोय, झील. पोवाडा ऐकलाय ना तुम्ही, शाहीर पुढे गातो आणि मागचे झिलकरी जी जी रं जी करत त्याची ओळ उचलून धरतात, ते नसले तर शाहीर कितीही पट्टीचा असू दे, पोवाडा उभाच राहत नाही. आता पोवाड्याचं मधेच कुठून काढलं म्हणाल, तर आज मी गाणी लावणारे ती साठच्या दशकातल्या अमेरिकेतली, तिकडच्या काळ्या पोरींच्या ग्रुप्सची आणि सोल, म्हणजे काळ्या लोकांचं ते चर्चमधल्या गाण्याच्या वळणाचं पोटातून गायचं संगीत, ते गाणाऱ्या बायकांची, आणि मला त्यांच्या नादाला लावलं ते पुढच्या गायिकेने नाही, मागच्या झिलीने.

शिरेल्स घ्या. न्यू जर्सीमधल्या पसेइक गावच्या चार मैत्रिणी, शाळेतच जमलेला ग्रुप. १९६१ च्या जानेवारीत त्यांचं विल यू लव्ह मी टुमॉरो बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरवर गेलं, काळ्या मुलींच्या ग्रुपला हे पहिल्यांदाच जमलं होतं. गाण्यात आहे काय, तर आज गोड बोलतोयस, उद्याचं काय, एवढाच मुलीचा प्रश्न. शर्ली ओवेन्सचा आवाज जरासा कोरडा, ती रडत बिडत नाही, सरळ विचारते, आणि मागच्या तिघी अशा काही हुंकार देतात की वाटतं हॉस्टेलच्या फोनवर एकजण बोलतीये आणि बाकीच्या कान लावून बसल्यात. गंमत म्हणजे चाल कॅरोल किंगची, तेव्हा ती १८ वर्षांची, पण मुलीच्या मनातले ते शब्द लिहिले तिच्या नवऱ्याने, जेरी गॉफिनने! मला हे कळलं तेव्हा जरा रागच आला होता, आता नाही येत.

पण रागाची खरी गोष्ट पुढे आहे. १९६२ साली क्रिस्टल्स नावाच्या ग्रुपचं हीज अ रेबेल एक नंबरला गेलं, आणि त्या रेकॉर्डवर क्रिस्टल्समधली एकही मुलगी गायलेली नाही. झालं असं की तेच गाणं दुसरी एक गायिका पण रेकॉर्ड करत होती, त्यामुळे निर्माता फिल स्पेक्टरला घाई, तो लॉस एंजेलिसमध्ये, क्रिस्टल्स देशाच्या दुसऱ्या टोकाला, मग त्याने तिथल्याच ब्लॉसम्स नावाच्या कोरस गाणाऱ्या पोरींना बोलावलं, डार्लीन लव्हने गाणं असं काही मारलं की विचारू नका, आणि लेबलवर नाव छापलं क्रिस्टल्स. त्या बिचाऱ्यांना आपलंच नवं गाणं रेडिओवर ऐकून कळलं, आणि मग स्टेजवर ते गायचं तर शिकावं लागलं! आपल्याकडे महलच्या रेकॉर्डवर लताबाईंच्या ऐवजी सिनेमातल्या पात्राचं, कामिनीचं नाव होतं, ते आठवलं की नाही? फक्त लताबाईंचं नाव पुढे लवकर लागलं. डार्लीनचं तसं झालं नाही, तिचं पुढचं गाणं पण क्रिस्टल्सच्या नावावर गेलं, आणि ऐंशीच्या दशकात ती लोकांची घरं साफ करत होती. एका घरातलं बाथरूम घासत असताना रेडिओवर तिचंच १९६३ चं ख्रिसमसचं गाणं लागलं, आणि तिने ठरवलं की परत गायचं. गायली पण. २०११ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे तिकडच्या मोठ्या कलाकारांच्या मानाच्या यादीत, नाव लागलं, स्वतःचं.

सुप्रीम्स तुम्हाला माहितीच असतील, डायना रॉस, १२ नंबर वन गाणी, त्यांच्यावर आज वेळ घालवत नाही. छान आहेत पण फार इस्त्री केलेल्या वाटतात मला. त्यांची रेकॉर्ड कंपनी डेट्रॉइटची मोटाउन, तिथेच मार्था रीव्ह्ज नावाची गायिका आधी सेक्रेटरीचं काम करायची, तिचं १९६४ चं डान्सिंग इन द स्ट्रीट लावून बघा, घरात झाडू मारायचा असेल तर उत्तम.

आता अरीथा. अरीथा फ्रँकलिनचं रिस्पेक्ट मूळचं ओटिस रेडिंग या गायकाचं, त्यानेच लिहिलेलं, १९६५ चं, त्यात दमून घरी आलेला नवरा बायकोकडे मान मागतोय. १४ फेब्रुवारी १९६७ ला न्यूयॉर्कमध्ये अरीथाने तेच उलटं केलं, मान मागणारी बाईच झाली, आणि ती भीक मागत नाही, हिशोब मागते. रिस्पेक्ट शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून म्हणायचं हे ओटिसच्या गाण्यात नव्हतंच. आणि मागून जो मारा होतो ना, तो तिच्या सख्ख्या बहिणींचा, कॅरोलिन आणि अर्मा. ही झील काढून टाका आणि सांगा काय उरतं ते. आता रेडिओवर बसून हे सांगायला मलाच कसंतरी होतंय, पण अमेरिकेच्या कायद्यात साधा रेडिओ गाणं वाजवल्याचे पैसे लिहिणाऱ्याला देतो, गाणाऱ्याला नाही. म्हणजे तिकडच्या स्टेशनांवर रिस्पेक्ट हजारदा वाजलं तरी त्याचे पैसे ओटिसच्या बाजूला, अरीथाला काही नाही, बहिणींचं तर सोडाच.

त्यातली अर्मा. त्याच १९६७ साली तिने पीस ऑफ माय हार्ट गायलं, पुढच्याच वर्षी जॅनिस जॉप्लिन या गोऱ्या रॉक गायिकेने आणि तिच्या बँडने ते गायलं आणि जग त्याला जॅनिसचं गाणं म्हणायला लागलं. जॅनिस जीव तोडून ओरडते, मान्य, मलाही आवडते. पण अर्मा ओरडत नाही, ती दात दाबून गाते, आणि ते जास्त लागतं. १९९२ ला एका जीन्सच्या जाहिरातीत अर्माचं गाणं वाजलं आणि ब्रिटनमध्ये ते पहिल्या दहात आलं, २५ वर्षांनी.

तर तेच लावतेय आता, अर्मावालं. आवाज जरा वाढवा, आणि मागच्या पोरी कुठे शिरतात तिकडे कान ठेवा.