आधी पाणी की आधी पाणीपट्टी: अमेरिकेतल्या आरोग्य कायद्याची गोष्ट

मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘राष्ट्रीय आरोग्य कायदा रद्द करण्यातले राजकीय धोके’. बोलायचंय अमेरिकेबद्दल. २३ मार्च २०१० रोजी ओबामांनी ज्यावर सही केली तो अफोर्डेबल केअर अॅक्ट, म्हणजे आपण सगळे ज्याला ओबामाकेअर म्हणतो तो. रिपब्लिकन पक्षाला तो रद्द का करता आला नाही आणि नुसत्या प्रयत्नाची किंमत त्यांना काय पडली, हे सांगायचं कबूल करून मी आलोय. तीन धोके सांगणार आहे. पण आधी तुम्हाला शिकागोला नेतो, कारण माझा सगळा मुद्दा तिथल्या एका रस्त्यावर सापडतो.

मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. २०१७ साली अध्यक्ष रिपब्लिकनांचा, दोन्ही सभागृहं त्यांची, मग अडलं कुठे? बहुमत असलं की कुठलाही कायदा काढून टाकता येतो, असं आपण धरून चालतो. कधी कधी येतोही. याच अमेरिकेने एक मोठा आरोग्य कायदा दीड वर्षात काढून टाकला आणि त्यासाठी कुणालाही मतदारांनी शिक्षा केली नाही. ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, याची मला खरोखर खंत आहे, कारण ती कळल्याशिवाय २०१७ कळत नाही.

तर १९८८. मेडिकेअर ही पासष्टीच्या पुढच्यांची सरकारी आरोग्य योजना १९६६ पासून चालू होती, पण तिच्यात मोठी भोकं होती. रुग्णालयातला मुक्काम लांबला की खर्च अंगावर यायचा आणि घरी घ्यायच्या औषधांचे पैसे मिळत नव्हते. ही भोकं बुजवणारा कायदा दोन्ही पक्षांनी मिळून केला. प्रतिनिधीगृहात ३२८ विरुद्ध ७२, सिनेटमध्ये ८६ विरुद्ध ११, आणि रेगन यांची सही. याहून भक्कम पाठिंबा कुठल्या कायद्याला मिळायचा?

गोम पैशांत होती. सगळा खर्च वृद्धांनीच उचलायचा असं ठरलं. ज्यांचं उत्पन्न बरं त्यांच्यावर १९८९ पासून जादा कर, माणशी जास्तीत जास्त ८०० डॉलर. तो बसणार होता साधारण चाळीस टक्के वृद्धांवर, आणि पूर्ण ८०० डॉलर तर अगदी थोड्यांवर. पण कर १९८९ चा आणि औषधांचा लाभ १९९१ पासून! शिवाय ज्यांच्यावर कर बसला त्यातल्या बऱ्याच जणांकडे जुन्या नोकरीतून मिळालेला पूरक विमा आधीच होता. गावात नळ यायच्या दोन वर्षं आधी पाणीपट्टीची पावती आली, आणि तीही ज्याच्या परसात विहीर आहे त्याच्या घरी, तर तो सरपंचाला काय म्हणेल?

शिकागोच्या वृद्धांनी ते म्हणून दाखवलं. १७ ऑगस्ट १९८९. डॅन रोस्टेनकौस्की म्हणजे साधा खासदार नव्हे. करविषयक समितीचे अध्यक्ष, वॉशिंग्टनमधल्या सर्वात वजनदार माणसांपैकी एक, आणि हा त्यांचा स्वतःचा मतदारसंघ. ज्येष्ठांशी बैठक आटोपून ते बाहेर पडले तर दारात जमाव. हातात फलक, तोंडी घोषणा. ते गाडीत बसले, पण गाडी हलेना. लोक काचा बडवतायत, आणि एक वयस्क बाई सरळ बॉनेटवर आडवी! शेवटी साहेब गाडीतून उतरले, पायीच निघाले, पेट्रोल पंपाच्या आवारातून वाट काढली आणि पुढे जाऊन पुन्हा गाडीत बसले. हे सगळं त्या रात्री टीव्हीवर दिसलं. ऑक्टोबरमध्ये त्याच प्रतिनिधीगृहाने ३६० विरुद्ध ६६ मतांनी कायदा रद्द करायचं ठरवलं. वर्ष संपायच्या आत तो गेला. तो गेला म्हणून रडायला कुणी नव्हतं, कारण औषधांचा लाभ कुणाच्या हातात पडलाच नव्हता.

माझं म्हणणं एवढंच आहे. कायदा रद्द करण्यातला धोका बहुमतावर कमी आणि क्रमावर जास्त ठरतो. आधी काय आलं, बिल की लाभ?

ओबामाकेअरने क्रम कसा लावला पाहा. पहिल्याच वर्षी मुलांना सव्विसाव्या वर्षापर्यंत आईवडिलांच्या पॉलिसीत राहायची सोय झाली. २०१४ पासून हप्त्यासाठी अनुदान, गरिबांच्या मेडिकेड योजनेचा विस्तार, आणि सर्वात मोठी गोष्ट म्हणजे आधीपासूनचा आजार आहे म्हणून विमा नाकारायला बंदी. या शेवटच्या गोष्टीचं मोल तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे मधुमेह असलेल्या माणसाला पॉलिसी घेताना अजून प्रतीक्षा काळ लागतो. २०२४ साली विमा नियामकाने तो चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीनवर आणला, एवढंच. या सभागृहात ज्यांनी आपली पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाचलीय त्यांनी हात वर करा बरं. ...चार हात. म्हणजे विमा एजंट चार आले आहेत!

आणि हा काही परक्यांचा विषय नाही. न्यू जर्सीत मुलाकडे ग्रीन कार्डावर कायमचे गेलेले आपले आजीआजोबा तिथे पोचले की पहिली पाच वर्षं त्यांना मेडिकेअर मिळत नाही. रक्तदाब, साखर, गुडघे घेऊन गेलेल्या सत्तरीच्या माणसाला २०१४ आधी धड विमा मिळणं जवळपास अशक्य होतं. या कायद्यामुळे त्याला बाजारात उभं राहून विमा विकत घेता येऊ लागला.

रद्द करायची खरी संधी २०१२ ची होती. मोठे लाभ अजून दारात पोचायचे होते. पण जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्या मताने कायदा ५ विरुद्ध ४ असा वाचला आणि नोव्हेंबरमध्ये ओबामा पुन्हा निवडून आले. ट्रम्प आले तोवर सुमारे दोन कोटी लोकांच्या खिशात विम्याचं कार्ड होतं.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं राहिलीत. म्हणजे तीन धोके आता भराभर.

पहिला. रद्द केल्याचा तोटा होणारा माणूस ओळखीचा असतो, तो सभेत उभा राहून बोलतो. मे २०१७ मध्ये प्रतिनिधीगृहाने २१७ विरुद्ध २१३ मतांनी रद्द करण्याचं विधेयक मंजूर केलं आणि त्याच दुपारी व्हाइट हाउसच्या बागेत आनंद साजरा केला. अंतिम मसुद्याच्या परिणामांचा सरकारी हिशेबसुद्धा तेव्हा आलेला नव्हता. तो आला तेव्हा कळलं की २०२६ पर्यंत आणखी २ कोटी ३० लाख लोक विम्याबाहेर जातील. अडकलेलं विधेयक ज्यांच्या दुरुस्तीमुळे पुढे सरकलं ते टॉम मॅकार्थर न्यू जर्सीचे. मतदानानंतर आठवड्याभरात त्यांच्या मतदारांनी त्यांना सभेत जवळपास पाच तास उभं केलं, आणि २०१८ मध्ये अँडी किम यांनी त्यांना हरवलं. त्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाच्या प्रतिनिधीगृहातल्या चाळीसच्या आसपास जागा गेल्या. आरोग्य हे एकच कारण नव्हतं, आणि मिझुरी, नॉर्थ डकोटात डेमोक्रॅट सिनेटरही पडले. पण मतदारांनी सर्वात महत्त्वाचा म्हणून सांगितलेला विषय आरोग्याचाच होता.

दुसरा धोका घरातला. मेडिकेडच्या विस्ताराचा ९० टक्के खर्च केंद्र देतं, म्हणून स्वपक्षाचे राज्यपालच आडवे आले. नेवाडाचे सँडोव्हल, ओहायोचे केसिक. २८ जुलै २०१७ च्या पहाटे सिनेटमध्ये रद्द करण्याचा प्रस्ताव ४९ विरुद्ध ५१ असा पडला. कर्करोगाचं निदान नुकतंच झालेले रिपब्लिकन सिनेटर मॅकेन टेबलासमोर आले, हात वर धरला आणि अंगठा खाली केला. तो अंगठा सगळ्यांच्या लक्षात राहिला. मला मात्र त्यांच्याच पक्षाच्या सिनेटर, मेन राज्याच्या सुझन कॉलिन्स आणि अलास्काच्या लिसा मर्कोवस्की, जास्त मोठ्या वाटतात. त्या दोघींनी चर्चा सुरू करायलाच विरोध केला होता. नेवाडाचे सिनेटर हेलर आधी राज्यपालांच्या शेजारी उभे राहून नाही म्हणाले, मग त्या पहाटे त्यांनी हो म्हटलं. २०१८ मध्ये हरलेले ते एकमेव विद्यमान रिपब्लिकन सिनेटर. त्याच दिवशी आयडाहो, युटा, नेब्रास्का या पक्क्या रिपब्लिकन राज्यांनी सार्वमताने मेडिकेडचा विस्तार केला!

तिसरा, जागी काय आणणार? आजाऱ्याला नाकारायचं नाही म्हटलं की निरोगी माणूस आत हवा, आणि तो आत यायचा तर अनुदान हवं. एक काढलं की दुसऱ्याचा हप्ता वाढतो. सात वर्षं ‘रद्द करून नवं आणू’ म्हणणाऱ्यांकडे नवं काहीच तयार नव्हतं.

आता २०२५ चं बघा. ‘रद्द’ हा शब्द कुणी काढला नाही. जुलैच्या कायद्यात मेडिकेडसाठी महिन्याला ८० तास कामाची अट आली, राज्यांना ती लागू करायची शेवटची तारीख १ जानेवारी २०२७, आणि मध्यावधी निवडणूक नोव्हेंबर २०२६ ची. क्रमाचा धडा इथे कुणीतरी नीट गिरवलाय. ओबामाकेअरच्या हप्त्यावर मिळणाऱ्या वाढीव अनुदानाची मुदत मात्र २०२५ च्या अखेरीस संपणार होती. तेवढ्यावरून सरकारचा कारभार ४३ दिवस बंद राहिला, आणि मुदतवाढ तरीही मिळाली नाही. वाढीव हप्त्याची बिलं जानेवारीतच लोकांच्या घरी गेली, निवडणुकीच्या दहा महिने आधी. हेलर आणि मॅकार्थर यांच्या जागी यंदा कोण असेल, ते मतदारसंघनिहाय सांगायचं होतं, पण घड्याळ समोर आहे. प्रश्न असतील तर विचारा, मी थांबतो.