कोग्गलाच्या खांबांवर

(दृश्य : दक्षिण श्रीलंका, कोग्गलाचा किनारा. उतरतं ऊन. पाण्यात रोवलेले लाकडी खांब.)

कोलंबोहून किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली यायचं, गॉल मागे टाकायचं, की कोग्गला आणि अहंगामा ही गावं लागतात. इथं उथळ पाण्यात असे खांब रोवलेले दिसतात. खांबाला एक आडवी काठी बांधलेली, आणि त्या काठीवर तोल सांभाळत बसलेला माणूस. एका हातानं खांब धरलेला, दुसऱ्या हातात गळ. श्रीलंकेच्या सहलीच्या जाहिरातीत हे चित्र हमखास असतं.

(कॅमेरा मागे सरकतो. वाळूवर उभा एक माणूस, हातात नोटा.)

हा माणूस फोटोचे पैसे गोळा करतो. वर बसलेल्याच्या गळाला बऱ्याचदा आमिषही नसतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मासेमारीची ही रीत इथं सुरू झाली. किनाऱ्यावर जागा कमी आणि खाणारी तोंडं जास्त, म्हणून लोक पाण्यात शिरले. पुढं 2004 ची त्सुनामी आली, किनारा बदलला, मासळी मिळेनाशी झाली आणि पाहुणे वाढले. आज मासे धरण्यापेक्षा फोटोला बसण्यात चार पैसे जास्त सुटतात. त्यासाठी या माणसाला नावं ठेवू नयेत. पोट त्यालाही आहे. आपल्याला पाहायचंय ते वेगळं : त्याच्या हातात पडलेल्या नोटेची किंमत कोण ठरवतं?

मार्च 2022 च्या सुरुवातीला एका डॉलरला साधारण 200 श्रीलंकन रुपये पडत. मे महिन्यात 360 च्या आसपास पडू लागले. खांबावरचा माणूस तोच, मेहनत तीच. पण हातातल्या नोटेतली ताकद दोन-अडीच महिन्यांत जवळजवळ निम्म्यावर आली.

(दृश्य : कोलंबो बंदर, कंटेनर.)

हे समजायला देशाचा घरखर्च बघावा लागतो. पेट्रोल, औषधं, दुधाची पावडर, हे सगळं श्रीलंका बाहेरून आणते आणि डॉलरमध्ये पैसे मोजते. डॉलर येतात ते कापड कारखान्यांतून, चहातून, आखातात राबणाऱ्या बायाबापड्यांनी घरी पाठवलेल्या पैशातून आणि पर्यटकांकडून. खर्च कायम मिळकतीपेक्षा जास्त. मधली तूट कर्जानं भरायची.

या कर्जाबद्दल बोलताना बहुतेकजण चीनकडे बोट दाखवतात. हंबनटोटाचं बंदर 2017 साली 99 वर्षांच्या करारानं चिनी कंपनीच्या हाती गेलं, ते खरंच आहे. पण बाहेरच्या कर्जाचा सर्वांत मोठा वाटा होता रोख्यांचा, म्हणजे ठरल्या मुदतीत व्याजासकट पैसे परत देऊ अशा लेखी हमीवर बाजारातून उचललेल्या पैशांचा. 2007 मध्ये देशानं पहिल्यांदा 50 कोटी डॉलरचे रोखे आंतरराष्ट्रीय बाजारात विकले आणि मग ती सवयच लागली. हे पैसे देणारा सावकार ओसरीवर येऊन बसत नाही. तो परदेशातला गुंतवणूक फंड असतो. त्याच्याशी गयावया करता येत नाही, आणि त्याचं व्याजही चढं असतं.

सरकारचा भरवसा होता पर्यटनावर. 2018 साली 23 लाखांहून जास्त परदेशी पाहुणे आले, त्यांच्याकडून सुमारे 440 कोटी डॉलर मिळाले. 2019 च्या ईस्टरला चर्च आणि हॉटेलांमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच वर्षाअखेरीस सरकारनं करही भरमसाट कमी केले. मागोमाग करोना. 2021 मध्ये अख्ख्या वर्षात दोन लाखसुद्धा पर्यटक आले नाहीत.

पर्यटक थांबले. हप्ते थांबले नाहीत.

जानेवारी 2022 मध्ये श्रीलंकेनं एका रोख्याचे 50 कोटी डॉलर वेळेवर चुकते केले. इकडे गॅस आणि दूध पावडरीसाठी लोक ताटकळत होते. घरात लेकरं असताना पहिला घास सावकाराला, अशी ती गत होती. मार्चमध्ये कागद आणायला डॉलर नाहीत म्हणून पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा पुढं ढकलल्या. शेवटी 12 एप्रिलला सरकारनं सांगून टाकलं की परदेशी कर्जाचे हप्ते आता देता येत नाहीत.

(दृश्य : वाळूवर ओढून ठेवलेल्या छोट्या होड्या.)

किनाऱ्यावर हे संकट रॉकेलच्या रूपानं आलं. इथल्या छोट्या होड्यांची इंजिनं रॉकेलवर चालतात. आधी रॉकेल मिळेना. मग ऑगस्ट 2022 मध्ये त्याचा भाव लिटरला 87 रुपयांवरून थेट 340 वर नेला. समुद्रात मासा होता, वाळूवर होडी होती, पण होडी पाण्यात लोटायची कशाच्या जोरावर?

आणि ही रिक्षा बघा.

(दृश्य : लाल रिक्षा, काचेवर बुद्धाचं चित्र.)

ओळखीची वाटते ना? बजाजची आहे. आपल्या वाळूजला बनते त्याच जातीची. डॉलर वाचवायला सरकारनं 2020 मध्ये वाहनांची आयात बंद केली. त्यामुळे पुढं काही वर्षं जुनी रिक्षाच ठाकठीक करत चालवावी लागली. 2022 च्या मध्यावर क्यूआर कोडनं पेट्रोल मिळू लागलं, तेव्हा सुरुवातीला रिक्षाच्या वाट्याला आठवड्याला 5 लिटर आले. पाच लिटरमध्ये धंदा किती करायचा आणि घर कसं चालवायचं? पर्यटकांसाठी मात्र वेगळा इंधन पास निघाला. त्यामागचं गणित सरळ होतं, पाहुणा डॉलर आणतो. तरी ज्या रिक्षावाल्यानं त्या पाहुण्याला हिंडवायचं, त्याला ते पाहून काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता पाहुणे परतलेत. 2024 मध्ये 20 लाखांवर आले, 300 कोटी डॉलरहून जास्त सोडून गेले. सर्वांत जास्त आपण, भारतीय. सीता अम्मनचं देऊळ बघायला मराठी मंडळींच्या बसही येतात.

पण हा डॉलर गावात टिकतो किती? मोठ्या रिसॉर्टची खोली परदेशातच बुक होते, चीज आणि वाइन बाहेरून येते, नफाही पुष्कळदा बाहेर जातो. तेच एखाद्या घरगुती मुक्कामात उतरलात, तर नारळ शेजारचा, मासा समोरच्या होडीतला, रिक्षा भाच्याची. पैसा चार घरं फिरतो. म्हणून अशी घरं जगायला हवीत, असं मला मनापासून वाटतं. पण बुकिंगच्या वेबसाइटचा वाटा आधी कापला जातो, आणि वर विजेचं बिल. विजेचे दर ऑगस्ट 2022 मध्ये सरासरी 75 टक्के वाढले, फेब्रुवारी 2023 मध्ये पुन्हा 66 टक्के. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं सुमारे 300 कोटी डॉलरचं कर्ज हवं होतं, आणि वीज तोट्यात विकायची नाही ही त्यातली अट होती. नाणेनिधीच्या दारात जायची श्रीलंकेची ही सतरावी खेप.

डिसेंबर 2024 मध्ये रोखेवाल्यांशी तडजोड झाली. त्यांनी काही रक्कम सोडली. पण जुन्या रोख्यांच्या बदल्यात दिलेल्या नव्या रोख्यांत एक कलम आहे : देशाची अर्थव्यवस्था ठरल्यापेक्षा चांगली चालली, तर त्यांना जास्त पैसे द्यायचे. म्हणजे कोग्गलाला हंगाम भरभरून गेला, तरी त्या भरभराटीत वाटेकरी आधीच बसलेला आहे. दुसऱ्या देशांच्या सरकारांकडून घेतलेल्या कर्जाची मुद्दल फेडायला 2028 मध्ये सुरुवात होणार.

(दृश्य : पुन्हा किनारा. सूर्य पाण्याला टेकलेला.)

रस्त्यावर बस थांबली. दहा-बाराजण उतरले, कोणीतरी मराठीत विचारतंय, "फोटोचे किती घेतात हो?"

वाळूवरच्या माणसानं बोटं दाखवली. त्याच्याबरोबरचे दोघं पाण्यात उतरले, खांबावर चढले आणि त्यांनी गळ सोडले.