तूप कढेपर्यंतच्या गप्पा

नमस्कार मंडळी. आधी हे पातेलं गॅसवर चढवतो आणि मग बोलायला लागतो, कारण आपल्याकडे तेवढाच वेळ आहे. यात अर्धा किलोच्या आसपास लोणी आहे, म्हशीच्या दुधाची दहाएक दिवसांची साय साठवून, विरजण लावून आज सकाळीच घुसळलंय. हे कढलं की माझं भाषण संपलं, मग कोणाचा प्रश्न राहिला असेल तर त्याने पातेल्याला विचारावा.

एक सांगून टाकतो, मी वैद्य नाही आणि डाएटिशियन तर नाहीच नाही. चाळिशीपर्यंत मला चहासुद्धा धड जमत नव्हता. मग बायकोची बदली झाली नागपूरला, घरात मी आणि आठवीतला मुलगा, आणि तिसऱ्या दिवशी तो म्हणाला बाबा परत ब्रेड? तेव्हा मी आईला फोन लावला. आई गावी, मी इथे, व्हिडिओ कॉल वगैरे तिला जमायचं नाही, ती म्हणायची फोन कढईजवळ धर. आणि ऐकायची. मोहरी तडतडायला लागली की तिकडून आवाज यायचा, "थांब, थांब, अजून निम्मी गप्प आहे." मग म्हणायची हं, आता जिरं. मी स्वयंपाक असा कानाने शिकलोय, आणि मला आजही वाटतं की रेसिपीत मिनिटं लिहिण्यापेक्षा आवाज लिहायला हवेत.

आता फोडणीचंच घ्या. क्रम का असतो? मोहरीला सगळ्यात जास्त ताप लागतो, तिच्या आतल्या पाण्याची वाफ होऊन ती फुटायला हवी, नाहीतर दाताखाली कडू येते. जिरं पटकन फुलतं, लगेच करपतं, म्हणून ते नंतर. हिंग, कढीपत्ता त्याच्या मागून. हळद शेवटी आणि तिच्या पाठोपाठ लगेच भाजी किंवा पाणी, कारण हळद दोन-चार सेकंदांत काळी पडते आणि मग अख्खी आमटी कडवट. मसाल्यांमधला बराचसा वास आणि स्वाद तेला-तुपात उतरतो, पाण्यात तेवढा उतरत नाही, म्हणून तर फोडणी आहे, नाहीतर आपण सगळं पाण्यातच उकळलं नसतं का. हळदीतलं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन, तेही पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. जोडीला मिरी असेल तर ते शरीरात जास्त शोषलं जातं. पण म्हणून हळदीच्या कॅप्सूल खात सुटायचं का, तर माझं मत नाही असं आहे. वाटल्यास तुमच्या डॉक्टरांना विचारा, मला नको.

हळदीवरून आठवलं. 1995 साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं चक्क पेटंट दिलं गेलं होतं. आपल्या सीएसआयआरने, म्हणजे सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेने, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख होते, जुने ग्रंथ, जुने छापील लेख काढून दाखवले आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. म्हणजे बोट कापल्यावर आजी जे डब्यातून चिमूटभर काढून दाबायची, ते सिद्ध करायला वकील लागले!

(ऐका, पातेलं आता जोरात बोलतंय. हे लोण्यातलं पाणी उकळतंय. पाणी आहे तोवर हे शंभर डिग्रीच्या फार वर जाणार नाही, त्यामुळे आत्ता करपायची भीती नाही, पण उतू जाईल, म्हणून पातेलं मोठं घ्यायचं आणि आच मध्यम.)

हिंगाबद्दल एक. आपण डबीतून काढतो तो बांधानी हिंग, म्हणजे खरा हिंग थोडा आणि बाकी डिंक आणि पीठ. खरा हिंग इतका उग्र असतो की नुसता वापरणं कठीण. तो येतो मुख्यतः अफगाणिस्तान, इराणमधून. भारतात लागवडीचा पहिला प्रयत्न हिमाचलच्या लाहौलमध्ये 2020 साली झाला, सीएसआयआरच्याच पालमपूरच्या संस्थेने केला. तोवर शेकडो वर्षं आपल्या आमटीचा वास परदेशातून यायचा. कोणाला गव्हाची ॲलर्जी असेल तर डबीवर घटक वाचा, त्यात बऱ्याचदा कणीक किंवा मैदा असतो.

आता आयुर्वेद. लोकांना वाटतं आयुर्वेदिक जेवण म्हणजे काहीतरी वेगळी महागडी पावडर. माझ्या डोक्यात एकच शब्द बसलाय, अग्नी, म्हणजे पचनाची ताकद. भूक लागली नसेल तर खाऊ नका, लागली असेल तर अडवू नका. थंडीत अग्नी जोरात म्हणून बाजरीची भाकरी, तीळ, डिंकाचे लाडू चालतात. पावसाळ्यात तो मंद, म्हणून मूग, जुनं धान्य, हलकं. आणि आपण काय करतो, नेमका आषाढात आखाड तळतो! कापण्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या. शास्त्र एकीकडे आणि आई दुसरीकडे, मी आईच्या बाजूने, पण रात्रीच्या जेवणात मग मुगाचं कढण घेतो.

रात्री दही खाऊ नये हे सगळ्यांना पाठ असतं. चरकाच्या त्याच श्लोकात पुढे आहे की तूप-साखर, मुगाचं कढण, मध किंवा आवळा यांच्याशिवाय दही खाऊ नये, गरम करून खाऊ नये. पुढचं कोणी सांगत नाही, कारण अर्धा श्लोक व्हॉट्सॲपवर बरा बसतो. आणि ताक म्हणजे दही नव्हे बरं का, ताकाचा गुण वेगळा धरलाय.

रोजचं जेवण सांगतो, मी दमून येतो तेव्हाचं. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, कुकरमध्ये चमचाभर तुपात जिरं-हिंग, आल्याचा किसलेला तुकडा, हळद, मग धुतलेले डाळ-तांदूळ परतून पाच वाट्या पाणी, मीठ, तीन शिट्ट्या. मोहरी घालायची नाही, तुपात जिरंच शोभतं. वरून ताटात एक चमचा तूप. एक चमचा म्हणजे साधारण 5 ग्रॅम, 45 कॅलरी. कोणी म्हणतं तूप अमृत, कोणी म्हणतं विष; साठ टक्क्यांच्या आसपास संपृक्त चरबी आहे त्यात, त्यामुळे पळीने ओतू नका आणि चमच्याला घाबरू नका. हृदयाचा त्रास असेल त्यांनी माझं ऐकू नये.

(बघा, आवाज बदलला. तडतड संपली, आता बारीक फसफस आणि वर पांढरा फेस. पाणी गेलं. आता तापमान झपाट्याने चढतं, इथे जो फोन घेईल तो गेला. मी एकदा घेतला होता, बँकेतून फोन होता, मी दोन मिनिटं बोललो आणि सगळं तूप काळं, घरभर आठवडाभर वास. बुडाला बेरी, म्हणजे तळाशी बसणारा साका, बदामी झाली की लगेच बंद. विड्याचं पान घालणार असाल तर आता.)

पुढच्या रांगेतल्या काकू विचारताहेत, माझं तूप रवाळ का होत नाही. काकू, फ्रिजमध्ये ठेवू नका, गाळून झाकून ओट्यावरच सावकाश थंड होऊ द्या, घाईने थंड केलं की रवा धरत नाही. म्हशीचं तूप पांढरं येतं, गाईचं पिवळं, त्यात भेसळ समजू नका.

चला, गॅस बंद. गाळणी द्या हो कोणीतरी. आणि तो साखरेचा डबा इकडे सरकवा, बेरी गरम असतानाच साखर घालायची असते, पहिला चमचा मागच्या रांगेतल्या त्या पोरांना.